सत्कार पुरे, आठवड्यातला एक वार द्या

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे गावोगावी सत्कारांचा हंगाम सुरू होतो. ज्ञातिसंस्था, पतपेढ्या, कर्मचाऱ्यांच्या संघटना, गणेश मंडळे आणि झालेच तर येत्या निवडणुकीकडे डोळे लावून बसलेले इच्छुक, या सर्वांना एकाच आठवड्यात गुणवंतांची आठवण होते. गुलाबाचे फूल, सन्मानचिन्ह, सहा वह्यांचा संच आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण असा या कार्यक्रमांचा ठरीव साचा असतो. पाहुणे मुलांना मोठी स्वप्ने पाहावयास सांगतात, मुले त्यांच्या पाया पडतात, छायाचित्र निघते आणि अल्पोपाहारानंतर सभागृह रिकामे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलाला अकरावीचा अर्ज भरावयाचा असतो. विज्ञान शाखा घ्यावी की तंत्रनिकेतनात जावे, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो, वसतिगृहाची यादी कोठे लागते, हे ज्याला विचारावे असा एकही माणूस त्या सभागृहातील शंभर-दीडशे प्रतिष्ठितांत त्याच्या ओळखीचा नसतो. पंचावन्न टक्क्यांवर अडलेल्या मुलाला तर सभागृहाचे बोलावणेही नसते.

प्रस्तुत लेखक गेली अठरा वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी अर्थशास्त्राचे अध्यापन करीत आहे. अकरावीच्या वर्गातील काही बाके भाद्रपदाच्या सुमारास रिकामी होऊ लागतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. कारण विचारले तर 'परिस्थिती' हा एकच शब्द कानी येतो. परंतु परिस्थितीच्या पोटात शिरून पाहिले तर फार लहान लहान गोष्टी हाती लागतात. एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वरून परत आला होता. बँकेचे खाते आधार क्रमांकाशी जोडलेले नव्हते, एवढीच त्रुटी होती आणि ती अर्ध्या दिवसात दूर झाली असती. मुलाने मात्र त्याचा अर्थ 'अर्ज नामंजूर झाला' असा घेतला. वडिलांनाही तेच खरे वाटले. दिवाळीपर्यंत तो मुलगा एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. त्याला गणित येत होते, घरच्यांची शिकविण्याची इच्छा होती, सरकारची योजना होती आणि तिच्यासाठी पैसाही होता. सरकारी पत्रातील एका शब्दाचा अर्थ सांगणारा एक प्रौढ माणूस तेवढा नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर मुलाचा हात आपण चौदाव्या वर्षी सोडतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे. बालमजुरीविरोधी कायद्याची २०१६ साली दुरुस्ती झाली. तीनुसार चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगांत कामाला लावण्यास मनाई झाली, बाकीची कामे त्यांना मोकळी राहिली. या वयोगटाचे पुढे काय होते ते 'असर'च्या २०२३ सालच्या पाहणीत दिसले. ही पाहणी २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात झाली होती. शाळा-महाविद्यालयात नाव नसलेल्यांचे प्रमाण चौदाव्या वर्षी ३.९ टक्के होते, अठराव्या वर्षी ते ३२.६ टक्के झालेले होते. याच वयोगटातील सुमारे चौथाई मुलांना आपापल्या प्रादेशिक भाषेतील दुसरी इयत्तेचा मजकूर अस्खलित वाचता येत नव्हता. चार वर्षांत ही गळती आठपट होते, आणि नेमक्या याच चार वर्षांत मुलाला आयुष्यातील सर्वांत अवघड निवडी कराव्या लागतात.

या निवडी सुशिक्षित घरांत कशा होतात, हे या लेखाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. मामा बँकेत असतो, आत्या शिक्षिका असते, शेजारचे काका जिल्हा परिषदेत असतात. जेवताना, लग्नसमारंभात, गावी जाताना एस.टी.त अशा गोष्टी मुलाच्या कानांवरून जात असतात. कोणत्या परीक्षेचा अर्ज केव्हा निघतो, कोणते महाविद्यालय नावाला मोठे आणि आतून पोकळ आहे, आय.टी.आय.चा कोणता अभ्यासक्रम केला असता नोकरी लागते, हे ज्ञान त्याला श्वासासारखे फुकट मिळते आणि म्हणून त्याची किंमतही त्याला कळत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक सिद्धान्त मांडला. माणसाला नव्या संधींची वार्ता जिवलगांकडून फारशी मिळत नाही, ती दूरच्या, सैल ओळखींतून येते, असे त्याने दाखवून दिले. जिवलगांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. मजुराच्या मुलाचे दहाही नातेवाईक मजूर असतील तर त्यांच्या मायेला तोटा नसतो. वार्ता मात्र दहांनाही तीच असते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. 'ओळख' या शब्दाला आपल्याकडे वशिल्याचा वास येतो. वशिल्याने दुसऱ्याच्या हक्काची जागा आपल्या माणसाला मिळते. येथे जी ओळख अभिप्रेत आहे तिने मुलाला त्याच्याच हक्काची जागा कोठे आहे हे कळते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्यात आले. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर होता, वृत्तपत्रांत होता, दूरचित्रवाणीवर होता. तो आपल्याला लागू आहे की नाही आणि त्यासाठी कोणता कागद कोणत्या तारखेच्या आत लागेल, हे बांधकाम मजुराच्या मुलीला कोणी सांगावयाचे?

यावर 'माहितीपत्रके वाटा' हे आपले नेहमीचे उत्तर असते. ते अपुरे आहे, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतून मिळाला. तेथील गरीब कुटुंबांतील मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळते, पण त्याचा अर्ज किचकट असतो. एरिक बेटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यात व नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट या शहरात एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या एका संस्थेच्या कार्यालयात आलेल्या काही कुटुंबांना तेथल्या तेथे हा अर्ज भरून देण्यात आला. काही कुटुंबांना केवळ मिळू शकणाऱ्या साहाय्याचा अंदाज सांगून अर्ज करण्यास उत्तेजन देण्यात आले. ज्यांना केवळ माहिती मिळाली त्यांच्या मुलांत काहीही फरक पडला नाही. ज्यांना अर्ज भरून मिळाला त्यांच्या शाळेच्या शेवटच्या वर्षातील मुलांपैकी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. शेजारी बसून मिळालेल्या काही मिनिटांच्या मदतीने जे झाले ते नुसत्या माहितीने झाले नाही. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके माहितीला फुकटची वस्तू मानतात. असल्या प्रयोगांनंतर ती पाने पुन्हा लिहावयास हवीत, असे लेखकास वाटते.

वार लावून जेवण्याची पद्धत

ही शेजारी बसण्याची गोष्ट महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. एके काळी शहरात शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी त्याच्या आठवड्याची वाटणी असे. त्या जेवणाबरोबर घरातील कर्ता पुरुष चार प्रश्न विचारी, परीक्षेची चौकशी करी, प्रसंगी कोणाच्या नावे चिठ्ठी देई. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती बहुतांशी जातीच्या भिंतीआड चाले, आश्रिताला मान बेताचाच मिळे आणि एखादा वार न मिळाल्यास त्या दिवशी उपास घडे. बहुजन समाजातील मुलांना या पंक्तीत पाट नव्हता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिका उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, तो इतिहास याच अन्यायातून घडला. तथापि वाराच्या पद्धतीत एक गुण होता आणि तो उचलण्याजोगा आहे. वार ठरलेला असे. 'सवड झाली की ये' असे कोणी म्हणत नसे, कारण भुकेला सवडीचे वेळापत्रक चालत नाही.

अशा ठरलेल्या सोबतीहूनही थोर असे एक उदाहरण मुंबईत घडले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा एक मुलगा चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक येत असत. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या वर्गाचा नव्हता. त्यांनी त्याची चौकशी केली, काय वाचतोस ते विचारले आणि त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभा झाली. सीताराम केशव बोले तिचे अध्यक्ष होते. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला भेट दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते देशाला ठाऊक आहे.

परंतु या लेखाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रसंग त्यानंतरचा आहे. इंटरपर्यंत मुलाची मजल गेली आणि वडिलांची शक्ती संपली. तेव्हा केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि मुलाला त्यांच्यापुढे नेऊन उभे केले. महाराजांनी त्याला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. सत्कारसभेला आलेल्या इतरांनीही त्या दिवशी मनापासून टाळ्या वाजविल्या असतील. केळुसकर सभेच्या आधीही होते आणि नंतरही होते.

केळुसकरांनी आंबेडकर घडविले असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. ते ज्याने त्याने आपल्या कष्टाने घडावे लागते, आणि त्या मुलाने सोसले तेवढे सोसण्याची वेळ फार थोड्यांवर येते. गुरुजींनी केले ते एवढेच की, जे दार त्याला दिसणे शक्य नव्हते त्या दारापर्यंत ते त्याच्याबरोबर चालत गेले. त्या दशकात मुंबईतील आणखी किती बागांत किती मुले वाचीत बसली होती आणि त्यांच्याजवळ कोणी येऊन बसले नाही, याची नोंद कोठेही नाही. अशा मुलांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

सद्भावना पुरेशी आहे काय?

परदेशांत हेच काम स्वयंसेवकांच्या हातून संघटितपणे चालते आणि त्याला 'मेंटॉरिंग' म्हणतात. मराठीत त्याला मार्गदर्शन म्हणावे तर भाषणाचा भास होतो आणि मार्गदर्शक म्हणावे तर परीक्षेची गाइडे आठवतात. तूर्त 'पाठीराखा' या शब्दावर भागवू. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कोल्टर नावाचे एक क्लार्क होते. रोज समोर येणारी मुले पाहून १९०४ साली त्यांनी सुस्थितीतील गृहस्थांना आवाहन केले की, प्रत्येकाने यांतील एकेका मुलाचे थोरले भाऊ व्हावे. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या आजच्या मोठ्या संस्थेचा उगम त्यात आहे. न्यायाधीशाला हे सुचले नाही, टिपणे लिहिणाऱ्या कारकुनाला सुचले, ही गोष्ट आपल्या कार्यालयीन वाचकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

या संस्थेच्या कामाची कसून पारख १९९५ साली झाली. दहा ते सोळा वर्षांच्या ९५९ मुलामुलींपैकी निम्म्यांना लगेच पाठीराखे देण्यात आले आणि निम्म्यांना अठरा महिने प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले. निवड चिठ्ठ्या टाकाव्या तशी केली होती. दीड वर्षानंतर पाहिले तेव्हा पहिल्या गटात अमली पदार्थांना प्रथमच हात लावण्याचा संभव ४६ टक्क्यांनी कमी आढळला आणि शाळा बुडविण्याचे दिवस सुमारे निम्मे भरले. जर्मनीत दहा शहरांतील ३०८ मुलांवर असाच प्रयोग झाला व तो २०२४ साली अर्थशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. तेथे विद्यापीठातील विद्यार्थी खालच्या शैक्षणिक प्रवाहातील शाळकरी मुलांचे पाठीराखे होते. गरीब व अल्पशिक्षित घरांतील मुलांचे गणिताचे गुण, त्यांचा धीर आणि पुढील कामधंद्याविषयीची त्यांची दृष्टी या तिन्ही गोष्टी सुधारल्या. सुस्थितीतील घरांतल्या मुलांवर मात्र काही परिणाम आढळला नाही. ज्याच्या घरी मामा बँकेत आहे त्याला आणखी एका मामाची गरज नसते, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

एवढ्यावर थांबलो तर हा लेख सत्कारसभेतील भाषणाहून वेगळा ठरणार नाही. चित्राची दुसरी बाजू उग्र आहे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज व सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेने ५०६ मुलांवर एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला सल्लागार दिला. सल्लागार महिन्यातून सुमारे दोनदा घरी जात, अभ्यास घेत, खेळावयास नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवीत. सरासरी पाचएक वर्षे हे चालले आणि १९४५ साली थांबले. पुढे जोन मॅकॉर्ड या संशोधक स्त्रीने ही मुले प्रौढ झाल्यावर त्यांचा माग काढला. निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. साहाय्य मिळालेल्यांपैकी बहुसंख्य माणसे आपल्या सल्लागारांची आठवण कृतज्ञतेने काढीत होती. परंतु पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, मानसिक आजार आणि अकाली मृत्यू या सर्व बाबतींत त्यांची स्थिती साहाय्य न मिळालेल्यांहून वाईट होती. असे का झाले याची अनेक उत्तरे सुचविली गेली. परावलंबन वाढले, अपेक्षा उंचावून सल्लागार निघून गेले, शिबिरांत बिघडलेली मुले बिघडलेल्यांच्याच संगतीत राहिली, असे तर्क आहेत. उत्तर कोणतेही असो, उपकार करणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे समाधान हा काम चांगले झाल्याचा पुरावा नव्हे, हे त्यातून कळले.

अमेरिकेतील १९९५ च्या पाहणीचीच आकडेवारी घेऊन जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली पुन्हा हिशेब मांडला. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या त्यांतील मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला होता. जो पाठीराखा तीन महिन्यांच्या आत सोडून गेला, त्याच्या मुलाची स्वतःविषयीची भावना पूर्वीपेक्षाही खालावली होती. हे आकडे वाचण्याआधीही समजण्यासारखे होते. ज्या मुलाला आजवर अनेकांनी सोडले आहे, त्याच्या यादीत आपण आणखी एका नावाची भर घालतो. म्हणून लेखकाचे मत स्पष्ट आहे. ज्याला बदलीची खात्री नाही, ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचा उत्साह उन्हाळ्याच्या सुटीपुरता आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. त्याने खुशाल वह्या वाटाव्यात. वह्या वाटणाऱ्याने पुढल्या वर्षी वाटल्या नाहीत तर मुलाचे मन मोडत नाही.

कोणी करावे, कसे करावे

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि तो संकोचाने टाळण्याजोगा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली सरकारने सरकारी शाळांतील नववी ते बारावीच्या मुलांसाठी दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी योजना काढली. थोड्याच महिन्यांत राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला की, अनोळखी प्रौढांचा मुलांशी असा संपर्क जोखमीचा आहे आणि स्वयंसेवकांची पुरेशी पडताळणी झालेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये योजना स्थगित करावी लागली. त्या वादातील राजकारण बाजूला ठेवले तरी आक्षेप गैर नव्हता. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा 'पॉक्सो' कायदा आहे, आणि अशा गुन्ह्यांत ओळखीचीच माणसे वारंवार गुंतलेली आढळतात. तेव्हा भेट ग्रंथालयात, शाळेच्या वऱ्हांड्यात, अभ्यासिकेत, म्हणजे चार माणसांच्या नजरेसमोर व्हावी. पालकांची लेखी संमती असावी. स्वयंसेवकाची चौकशी एखाद्या जबाबदार संस्थेने केलेली असावी. सज्जन माणसाला या चौकशीचा राग येतो असा अनुभव आहे. त्याने तो आवरावा. चौकशी त्याच्यासाठी नसते.

आता माणसे कोठून आणावयाची? आपल्याकडे एक यंत्रणा तयार आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिच्यातील विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजसेवा करावी अशी अपेक्षा असते. हे तास आपण कसे खर्च करतो? रस्ते झाडतो, झाडे लावतो (पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावतो), प्रभातफेऱ्या काढतो. आठवड्याला दोन तास याप्रमाणे चाळीस आठवडे एकाच मुलासाठी दिले तर ऐंशी तास होतात. १२० तासांत ते आरामात बसतात आणि चाळीस तास प्रशिक्षणाला उरतात. इस्राएलमध्ये १९७४ साली वाइझमन संस्थेत 'पेराख' या नावाने असाच उपक्रम सुरू झाला. विद्यापीठातील विद्यार्थी गरीब वस्तीतील एका शाळकरी मुलाला आठवड्यातून दोनदा भेटतो आणि मोबदल्यात त्याच्या शुल्काचा काही भाग माफ होतो. मोबदला घेतला की ती सेवा राहिली कोठे, असा प्रश्न आपल्याकडील शुद्धतावादी विचारतील. ज्याला स्वतःलाच शिकण्यासाठी संध्याकाळी दुकानात काम करावे लागते त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा करणे, म्हणजे सेवा हा सुखवस्तूंचा राखीव प्रांत करणे होय, असे लेखकाचे त्यावर उत्तर आहे.

विद्यार्थ्यांखेरीज दुसरा मोठा वर्ग कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० अखेरपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार मोकळा झाला. तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाला कोणता दाखला कोणत्या टेबलावर अडतो हे जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाला नसते. निवृत्त मुख्याध्यापक, टपाल खात्यातील कर्मचारी, परिचारिका, वीज मंडळातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ यांच्यापाशी असे ज्ञान साठलेले आहे. त्याला बाजारात भाव नाही, आणि ते माणसाबरोबरच नाहीसे होते.

आमच्या एका डाव्या विचारांच्या मित्राने या कल्पनेवर घेतलेला आक्षेप मात्र वजनदार आहे. शाळांत समुपदेशक नेमणे, शिक्षकांच्या जागा भरणे, शिष्यवृत्ती वेळेवर देणे हे शासनाचे काम आहे. स्वयंसेवकांची फौज उभी केली की शासनाला हात झटकण्यास निमित्त मिळते, असे त्याचे म्हणणे आहे. स्वयंसेवेच्या नावाखाली जबाबदाऱ्या सोडण्याची सरकारांची सवय पाहता हे भय निराधार नाही. म्हणून पाठीराख्याने शिकवणी घेऊ नये, शाळेचे काम अंगावर घेऊ नये. उलट शिष्यवृत्ती आठ महिने अडली असेल तर त्या मुलाबरोबर समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी उत्तर मागावे. ज्याने मुलाबरोबर त्या बाकावर दोन दुपारी काढल्या आहेत, तो मतदार म्हणून पुढे अधिक नेमके प्रश्न विचारतो. त्या मित्राला हे उत्तर पटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

प्रत्यक्ष त्या तासात करावयाचे काय, असे अनेक जण विचारतात. पहिल्या तीन-चार भेटींत मुलगा बहुधा बोलतच नाही. 'हो सर', 'नाही सर' एवढ्यावर तास संपतो आणि प्रौढ माणूस त्या शांततेला घाबरून उपदेश करू लागतो. उपदेश टाळावा. बरोबर बसून वर्तमानपत्रातील जाहिरात वाचावी. बँकेत नेऊन पैसे भरण्याची चिठ्ठी त्याच्याच हाताने भरून घ्यावी. मुलगी असेल तर पाठीराखी स्त्रीच असावी, आणि तिने एकदा आईशीही बोलावे, कारण मुलीच्या शिक्षणाचा निर्णय त्या स्वयंपाकघरात होत असतो. मुलाने क्रिकेटचा विषय काढला तर क्रिकेटवर बोलावे. महत्त्वाचा प्रश्न त्याच्या मागे लपलेला असतो आणि तो उठता उठता, चपला घालताना बाहेर पडतो. बाराव्या-पंधराव्या आठवड्यात केव्हातरी मुलगा आपण होऊन एखादा कागद खिशातून काढून पुढे करतो.

आणि हे काम जूनमध्ये सुरू करू नये. जूनमध्ये सर्वांनाच मुलांची आठवण होते. मुले गळतात ती दुसऱ्या सत्रात, सहामाहीचे गुण लागल्यावर आणि ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जावे लागते तेव्हा. दिवाळीची सुटी संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आपल्या गावातील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि नववी-दहावीच्या हजेरीपत्रकात कोणाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागल्या आहेत, एवढे विचारावे.